बंगळूरचें विज्ञानमंदिर



बंगळूरच्या वायव्येस, मल्लेश्वरम् आणि यशवंतपूर यांच्या दरम्यान, गर्द झाडींत करड्या दगडाची एक भारदस्त इमारत उभी आहे. मधोमध उंच मनोरा, समोर मोकळें पटांगण, आणि त्यांत एका पारशी गृहस्थाचा पुतळा. संस्थेचें अधिकृत नांव 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स' असें आहे; परंतु बंगळुरांत उतरल्यावर रिक्षावाल्यास हें लांबलचक नांव सांगत बसण्यापेक्षां 'टाटा इन्स्टिट्यूट' एवढेंच सांगावें, तो बिनचूक नेऊन पोंचवितो. यांतली मौज अशी कीं, ज्यांच्या नांवानें ही संस्था लोकांच्या तोंडीं बसली, त्या जमशेटजी टाटांची इच्छा तिला आपलें नांव देऊं नये अशीच होती.

आपणां मुंबईकरांना या संस्थेविषयीं थोडी आपुलकी आणि थोडी असूया वाटावी, याला कारण आहे. जमशेटजींनीं तिच्यासाठीं जी मालमत्ता काढून ठेवली ती सारी मुंबईंतली: चौदा इमारती आणि चार जमिनी. त्या काळच्या हिशेबानें किंमत तीस लाख रुपये. म्हणजे मुंबईच्या भाडेकऱ्यांनीं भाडें भरावें आणि त्या पैशांतून बंगळुरास कांचेच्या नळ्या व विजेचीं यंत्रें विकत घेतलीं जावीं, असा हा व्यवहार होता. इमारतीचा आराखडाहि मुंबईच्याच सी. एफ. स्टीव्हन्स यांच्या कचेरींत तयार झाला. बोरीबंदरचें व्हिक्टोरिया टर्मिनस ज्यांनीं बांधलें त्या स्टीव्हन्ससाहेबांचे हे चिरंजीव. मग पैसा मुंबईचा, कल्पना मुंबईची, शिल्पकारहि मुंबईचा, आणि विद्या तेवढी बंगळुरास कां गेली, असा प्रश्न कोणासहि पडेल. त्याचें उत्तर पुढें येईलच.

मूळ प्रेरणेकडे जावयाचें तर १८८९ सालच्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाकडे जावें लागतें. त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे हे होते, आणि विद्यापीठाचे कुलपतिहि तेच. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें खरें, पण तें स्वतः कांहींच शिकवीत नसे. कॉलेजांनीं शिकवावें, विद्यापीठानें प्रश्नपत्रिका काढाव्या, उत्तरपत्रिका तपासाव्या आणि पदव्यांच्या सुरळ्या वांटाव्या, असा प्रकार होता. नुसत्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांनीं देशाचें भागणार नाहीं, जेथें नवें ज्ञान निर्माण होतें अशा खऱ्या विद्यापीठाची गरज आहे, अशा आशयाचें भाषण लॉर्ड रे यांनीं केलें. एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकलेल्या जमशेटजींच्या मनांत हा विचार घर करून राहिला. १८९२ सालीं त्यांनीं हुशार विद्यार्थ्यांना परदेशीं उच्च शिक्षणास पाठविण्यासाठीं एक निधि उभारला. परंतु मूठभर मुलांना बोटीवर चढवून देणें निराळें आणि येथेंच ज्ञानाचा झरा फोडणें निराळें, हें त्यांस दिसत होतें. बर्जोरजी पादशहा या विद्वान सहकाऱ्यास त्यांनीं विलायतेंतील व युरोपांतील विद्यापीठें पाहून येण्यास पाठविलें, आणि १८९८ सालीं एक रीतसर योजना तयार झाली.

या मूळ योजनेंत एक गोष्ट अशी होती कीं जी आज बहुतेकांस ठाऊक नसते. संस्थेच्या तीन शाखा व्हावयाच्या होत्या: पहिली शास्त्रीय व औद्योगिक विषयांची, दुसरी वैद्यकाची, आणि तिसरी तत्त्वज्ञान, शिक्षणशास्त्र, इतिहास व पुराणवस्तु यांची. विज्ञानाचें मंदिर बांधावयास निघालेल्या व्यापाऱ्याच्या मनांत तत्त्वज्ञानालाहि जागा होती. ही कल्पना केवळ पादशहांच्या विद्वत्तेंतून आली असेल असें मला वाटत नाहीं. १८९३ सालीं योकोहामाहून व्हँकूव्हरला निघालेल्या 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या बोटीवर जमशेटजी आणि स्वामी विवेकानंद यांचा सहवास घडला होता. पुढें २३ नोव्हेंबर १८९८ रोजीं टाटांनीं स्वामींना पत्र लिहिलें आणि देशांतील त्यागाची जी जुनी वृत्ति आहे तिला विज्ञानाच्या सेवेकडे वळविण्याच्या कामीं पुढाकार घ्या, अशी विनंति केली. संन्याशाच्या वैराग्याचा उपयोग प्रयोगशाळेंत करून घ्यावा, ही कल्पना एका कापडगिरणीच्या मालकास सुचली याचें मला नेहमींच नवल वाटत आलें आहे. पण सरकारदरबारीं योजना जसजशी फिरत गेली तसतशा वैद्यकाच्या आणि तत्त्वज्ञानाच्या शाखा गळून पडल्या, आणि विज्ञान तेवढें शिल्लक राहिलें.

३१ डिसेंबर १८९८ रोजीं ही योजना घेऊन एक शिष्टमंडळ मुंबईंत नव्या व्हाइसरॉयांना भेटलें. लॉर्ड कर्झन यांनीं हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवून जेमतेम एक दिवस झाला होता. त्यांनीं दोन शंका काढल्या. एवढ्या वरच्या शिक्षणाला लायक असे विद्यार्थी या देशांत मिळतील काय? आणि मिळाले तरी, शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम कोण देणार?

कर्झनसाहेबांच्या या शंका म्हणजे साम्राज्यवाद्याचा कुत्सितपणा, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. साहेबांच्या इतर कृत्यांकडे पाहतां ती रीत पडली यांत नवल नाहीं. परंतु शंका मात्र खोट्या नव्हत्या. ज्या देशांत गिरणीचा इंजिनिअर मँचेस्टरहून आणि रंग जर्मनीहून येत होता, त्या देशांत संशोधन केलेल्या रसायनशास्त्रज्ञास कोण विचारणार? पुढील शंभर वर्षांचा या संस्थेचा इतिहास मला तरी या दोन प्रश्नांशीं चाललेली झटापट वाटतो, आणि ती झटापट केवळ बाहेरच्यांशीं नव्हती.

प्रथम जागा ठरावयाची होती. त्यासाठीं लंडनहून सर विल्यम रॅम्से यांना बोलाविण्यांत आलें. निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन हे वायु शोधून काढणारे हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ १९०० सालीं हिंदुस्थानभर हिंडले आणि त्यांनीं कौल दिला बंगळुराच्या बाजूनें. हवा थंड आणि कोरडी, हें एक कारण झालें. दुसरें कारण अधिक वजनदार होतें. म्हैसूरचे दिवाण शेषाद्रि अय्यर हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. कावेरीवरील शिवसमुद्रम् येथें धबधब्यापासून वीज काढण्याची योजना त्यांच्याच कारकीर्दींतली. ती वीज १९०२ सालीं कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ सालीं बंगळूर शहराला मिळाली. म्हैसूर दरबारानें संस्थेला ३७१ एकर जमीन देऊं केली, बांधकामासाठीं पांच लाख रुपये आणि शिवाय दरसालचें अनुदान. मुंबईंत ३७१ एकर कोणी दिली असती? असूया वाटून घेण्यापूर्वीं आपण मुंबईकरांनीं हा हिशेब पाहावा हें बरें.

रॅम्सेंच्या मागून दुसरी समिति आली, तिचा अहवाल झाला, त्यावर शेरे पडले, पैसा किती व कोणाचा यावर पत्रव्यवहार चालला. या दिरंगाईंतच १९ मे १९०४ रोजीं जर्मनींतील बाड नाउहाइम येथें जमशेटजींचें निधन झालें. संस्थेची एक वीटहि त्यांच्या दृष्टीस पडली नाहीं. त्यांचे चिरंजीव दोराबजी व रतन यांनीं वडिलांचें दान जसेंच्या तसें पुढें चालविलें. २७ मे १९०९ रोजीं संस्थेच्या स्थापनेचा हुकूम निघाला, १९११ च्या फेब्रुवारींत म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांच्या हस्तें कोनशिला बसली, आणि त्याच वर्षीं जुलै महिन्यांत विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. लॉर्ड रे यांच्या भाषणास तोंवर बावीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे रॅम्सेंचे सहकारी. वर सांगितलेल्या वायूंच्या शोधांत त्यांचा वांटा होता. विभाग सुरू झाले ते रसायनशास्त्राचे आणि विद्युत्तंत्राचे. येथें एक विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. या संस्थेला पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. विद्यार्थी यावयाचा तो दुसऱ्या विद्यापीठाची पदवी घेऊन. येथें त्यानें दोन तीन वर्षें संशोधन करावें आणि संस्थेचा 'असोसिएट' म्हणून बाहेर पडावें. परीक्षा घेऊन न शिकविणाऱ्या विद्यापीठांच्या देशांत, पदवीची सुरळी न देतां नुसतें काम शिकविणारी ही संस्था निघाली. अशा ठिकाणीं मुलास पाठविण्यास आईबाप तयार झाले, हें त्या पिढीचें धाडसच म्हटलें पाहिजे. त्यांत आपल्याकडील भागवत घराण्यांतले नारायणराव आणि माधवराव हे दोघे बंधूहि होते. दोघेहि रसायनशास्त्रज्ञ झाले. नारायणरावांचें नांव लक्षांत ठेवावें, तें पुन्हां येणार आहे.

कर्झनच्या दुसऱ्या शंकेला पहिलें खणखणीत उत्तर मिळालें तें मात्र महायुद्धामुळें. म्हैसूरच्या अरण्यांतलें चंदन तोवर बहुतांशीं परदेशीं, विशेषतः जर्मनीस जाई आणि तेथें त्याचें तेल निघे. १९१४ सालीं युद्ध पेटलें, गिऱ्हाईक नाहींसें झालें आणि लांकडाच्या राशी दरबारच्या वखारींत पडून राहिल्या. तेव्हां संस्थेंतील प्राध्यापक सडबरो आणि वॉटसन यांनीं प्रयोगशाळेंत चंदनाचें तेल गाळण्याची रीत बसविली. १९१६ सालीं बंगळुरास आणि १९१७ सालीं म्हैसुरास तेलाचे कारखाने निघाले. मागोमाग साबणहि आला. म्हैसूरचा चंदनी साबण आपल्या घरांतून सणावारीं आवर्जून वापरला जातो. अभ्यंगाच्या वेळीं हातांत येणाऱ्या त्या वडीचें मूळ एका रसायनशाळेंत आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

परंतु सर्वच विषयांतून असें तेल गळत नाहीं. संस्थेनें उद्योगांची चाकरी करावी कीं ज्ञानासाठीं ज्ञान मिळवावें, हा वाद आरंभापासून होता, आणि दर दहा वर्षांनीं एखादी चौकशी समिति येऊन त्यावर आपलें मत देऊन जात असे. १९३३ सालीं सर चंद्रशेखर वेंकट रामन हे संचालक झाले. या पदावर येणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. नोबेल पारितोषिक तीनच वर्षांपूर्वीं मिळालेलें, हातीं अधिकार आलेला, आणि स्वभाव कोणाची भीड न धरणारा. त्यांनीं पदार्थविज्ञानाचा नवा विभाग काढला. हिटलरच्या राजवटीमुळें देशोधडीस लागलेल्या थोर जर्मन शास्त्रज्ञांना येथें आणावें, असा त्यांचा बेत होता. माक्स बॉर्न १९३५-३६ च्या सुमारास कांहीं महिने बंगळुरांत येऊन राहिलेहि. त्यांना कायमची जागा द्यावी म्हणून रामन यांनीं खटपट केली, पण संस्थेंतूनच विरोध झाला आणि बॉर्न एडिंबरोला निघून गेले. पुढें १९५४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. बंगळुरानें काय गमावलें तें यावरून कळावें. इकडे जुन्या विभागांचे पैसे नव्या विभागाकडे वळविले जातात, अशी तक्रार झाली, १९३६ सालीं सर जेम्स अर्व्हाइन यांची समिति बसली, आणि १९३७ सालीं रामन यांनीं संचालकपद सोडलें. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून मात्र ते १९४८ पर्यंत तेथेंच राहिले. या भांडणांत रामन यांचा हेकटपणा नव्हता असें नाहीं. पण बॉर्नसारखा मनुष्य दाराशीं आला असतां हिशेबाच्या वह्या उघडून बसणाऱ्यांची बाजूहि मला घेववत नाहीं.

त्याच रामन यांनीं पहिल्या शंकेच्या बाबतींत मात्र कर्झनलाहि मागें टाकलें. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिली आलेली एक मुलगी प्रवेशासाठीं बंगळुरास गेली. ती नारायणराव भागवतांची कन्या कमला. लेखिका दुर्गाबाई भागवत यांची बहीण. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून तिचा अर्ज फेटाळण्यांत आला. बाप व चुलते ज्या संस्थेंतून शिकून बाहेर पडले, तिचें दार लेकीला बंद! कमलाबाई परत फिरल्या नाहींत. नकाराचें कारण सांगा, म्हणून त्यांनीं ठाण मांडलें. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलें जाणार नाहीं. मार्गदर्शकानें सांगितल्यास रात्रींहि काम करावें लागेल. आणि आपल्या वावरण्यानें तेथील वातावरण बिघडतां कामा नये. ही तिसरी अट ऐकून आजच्या मुली हंसतील; त्या काळीं ती गंभीरपणें घातली गेली होती.

श्रीनिवासय्या या मायाळू पण कडक गुरूंच्या हाताखालीं कमलाबाईंनीं दूध, डाळी व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें. वर्षअखेर रामन यांची खात्री पटली, कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला आणि पुढें येणाऱ्या मुलींचीहि वाट मोकळी झाली. १९३६ सालीं मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. घेऊन त्या केंब्रिजला गेल्या, आणि वनस्पतींच्या पेशींतील 'सायटोक्रोम सी' या द्रव्यावरील संशोधनाबद्दल १९३९ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानांत ती पदवी मिळविणाऱ्या पहिल्या कांहीं भारतीय स्त्रियांपैकीं त्या एक. विवाहानंतर कमला सोहोनी या नांवानें त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें शिकवूं लागल्या. नीरेच्या पोषकतेवर त्यांनीं केलेलें काम राष्ट्रपतींच्या पारितोषिकास पात्र ठरलें. विद्यार्थी मिळतील काय, या प्रश्नाचें खरें उत्तर असें होतें कीं, ते मिळतातच. आपण दाराशीं कोणाला अडवितों एवढेंच पाहावें.

दुसरें महायुद्ध आलें आणि बंगळुराचा रंग पालटला. सोलापुरचे वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर दरबाराच्या भागीदारीनें १९४० च्या डिसेंबरांत तेथें विमानांचा कारखाना काढला. विमानें बांधावयाचीं तर तीं उडण्याचें शास्त्र जाणणारीं माणसें हवींत. म्हणून १९४२ सालीं संस्थेंत विमानविद्येचा विभाग उघडला. कोल्हापुराकडील डॉ. विष्णु माधव घाटगे हे जर्मनींत गटिंगेन येथें प्रांड्टल या महापंडिताजवळ शिकून आले होते. त्यांनीं कारखान्यांत काम केलें आणि संस्थेंत विद्यार्थीहि तयार केले. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं आंखलेलें 'एच. टी. २' हें शिकाऊ वैमानिकांचें विमान १९५१ सालीं आकाशांत उडालें. ज्याच्या आराखड्यापासून बांधणीपर्यंत सारें येथेंच झालें असें तें पहिलें विमान.

युद्धानेंच आणखी एक मनुष्य बंगळुरास अडकवून ठेवला. होमी भाभा १९३९ सालीं केंब्रिजहून सुटीसाठीं घरीं आले होते. परतीची वाट बंद झाली, तेव्हां ते रामन यांच्या विभागांत येऊन विश्वकिरणांचा अभ्यास करूं लागले. विक्रम साराभाईहि त्याच काळीं तेथें होते. भाभांनीं १२ मार्च १९४४ रोजीं टाटा विश्वस्तांना पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठीं स्वतंत्र संस्था मागितली. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ही ती संस्था. १९४५ च्या जूनमध्यें तिचें काम बंगळुरांतच सुरू झालें, आणि वर्षाच्या अखेरीस तें मुंबईंत पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' बंगल्यांत आलें. मुंबईच्या भाड्यांपैकीं कांहीं रक्कम व्याजासह परत आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास मी थोडक्यांत सांगतों, कारण तो बराचसा वाढत्या आंकड्यांचा आहे. १९५८ सालीं संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती स्वतःच्या पदव्या देऊं लागली. १९६२ पासून जवळजवळ दोन दशकें सतीश धवन संचालक होते. १९७२ सालीं अंतराळसंशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हां आपण संस्था सोडणार नाहीं आणि अंतराळविभागाचें मुख्य ठाणें बंगळुरांतच असावें, अशा दोन अटी त्यांनीं घातल्या. त्या मान्य झाल्या. कर्झनच्या दुसऱ्या शंकेचें याहून मोठें उत्तर कोणतें असणार?

तरीहि धवनांच्या कारकीर्दींतल्या दोन लहान गोष्टी मला अधिक मोलाच्या वाटतात. १९७४ सालीं अमूल्य रेड्डी या विद्युत्-रसायनाच्या प्राध्यापकांनीं, खेड्यापाड्यांना उपयोगी पडेल असें विज्ञान करावयाचें म्हणून, 'अस्त्र' नांवाचा गट काढला. तुमकूर जिल्ह्यांतील उंग्रा या गांवीं त्यांचें केंद्र होतें. त्यांनीं कमी लांकडांत जळणारी आणि धूर बाहेर नेणारी चूल तयार केली. ज्या आवारांत ध्वनीहून वेगवान वाऱ्याच्या बोगद्यांत विमानांचे पंख तपासले जात, त्याच आवारांत चुलीच्या जाळाचें मोजमाप होऊं लागलें. दुसरी गोष्ट पुण्याच्या डॉ. माधव गाडगीळ यांची. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे हे चिरंजीव १९७३ सालीं संस्थेंत आले आणि देवराया, हत्ती, बांबूचीं बनें यांचा अभ्यास गणिताच्या जोडीनें करूं लागले. १९८३ सालीं पर्यावरणशास्त्राचें केंद्र तेथें उभें राहिलें. पश्चिम घाटावरील त्यांच्या समितीचा अहवाल २०११ सालीं आला. त्यावरून आपल्याकडे केवढें वादंग माजलें तें श्रोत्यांना आठवत असेलच.

त्याच २०११ सालीं संस्थेनें एक जुनी रीत मोडली. शंभर वर्षें तिनें आपल्या दारांत केवळ पदवीधरांना घेतलें होतें. आतां बारावी झालेल्या मुलामुलींसाठीं चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि इंजिनिअरिंग हे विषय त्यांत आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला या मुलांना मानव्यविद्यांचाहि अभ्यास करावा लागतो. १८९८ च्या आराखड्यांतून सरकारी कचेऱ्यांच्या फेऱ्यांत गळून पडलेली पादशहांची तिसरी शाखा, अगदीं थोड्या प्रमाणांत कां होईना, अशी परत आली आहे.